बदकांच्या प्लेगचा हर्पिसविषाणू पसरतो, त्यात जीई आणि जीआय जनुकांचं काम काय?

या जनुकांपासून बनणारी दोन्ही प्रथिनं जोडीने विषाणूला एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत नेतात. जीई जनुक काढलं की प्लाक, म्हणजे विषाणूने पेशींच्या थरात पाडलेले डाग, लहान पडतात. पण लहान प्लाक हा पुरावा पुरेसा नाही. विषाणूची वाढच मंदावली असेल तरी तेच दिसतं. म्हणून वाढीचा आलेख सोबत हवाच, आणि प्लाक मोजताना वर मिथाइलसेल्युलोज या दाट पदार्थाचा थर हवा, म्हणजे द्रवातून होणारा प्रसार रोखला जातो. जीई-जीआय शेजारीशेजारी असल्याने एक कापताना दुसऱ्याला धक्का लागू शकतो. जनुक परत बसवलेला विषाणू तपासल्याशिवाय निष्कर्ष काढूच नका! आणि हे झालं पेशींपुरतं. तळ्यात मात्र विष्ठेने दूषित पाणी आणि सुप्त संसर्ग बाळगणारी बदकं रोग पसरवतात.