वाट एकच, मग दोरा कशाला?

प्रश्न : क्रीट बेटावरच्या नोसोसच्या प्राचीन नाण्यांवर भूलभुलैयाची आकृती दिसते. पण त्यात फाटाच नाही! मग ग्रीक कथेत भूलभुलैयातल्या मिनोटॉर या बैलमुखी राक्षसाला मारायला गेलेल्या थेसिअसला राजकन्या अरिआड्नीने दिलेला दोरा का लागला? ही आकृती काढायची कशी?

उत्तर : कथेतला भूलभुलैया वेगळा, चिन्ह वेगळं. डेडॅलस या कारागिराने बांधलेली वास्तू माणसाला चकवणारी, तिथे दोऱ्याशिवाय सुटका नाही. नाण्यावरच्या सात फेऱ्यांच्या आकृतीत मात्र कुणी हरवूच शकत नाही. ग्रीसमधल्या पायलोस इथे सापडलेल्या, इ.स.पू. १२००च्या सुमाराच्या मातीच्या पाटीमागेही हीच आकृती चौकोनी रूपात आहे. त्यामुळे तिला नोसोसच्या राजवाड्याचा नकाशा समजू नये.

काढायला ए-फोर कागद आडवा धरा. मधोमध, पण खालच्या भागात, ४ सेंमीची अधिक खूण काढा. चारही चौकटींत एकेक काटकोन, त्याचा कोपरा मध्याकडे. बाहेरच्या कोपऱ्यांत एकेक ठिपका. टोकं आणि ठिपके मिळून १६, एकमेकांपासून १ सेंमीवर. अधिक खुणेचं वरचं टोक उजवीकडच्या शेजारच्या टोकाला कमानीने जोडा. मग डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला. अशा आठ कमानी, प्रत्येक आधीच्या कमानीवरून. एक टोक जरी वगळलं तरी वाट बंद पडते. चूक बहुधा ठिपक्यांपाशी होते, कारण ते टोक वाटत नाहीत.

बाहेरून मोजल्यास वाट ३, २, १, ४, ७, ६, ५ या क्रमाने जाते. म्हणजे आत शिरताच आधी बाहेरच्या फेरीकडे ढकलली जाते. प्रतीक म्हणून खरी गंमत इथेच आहे, मिनोटॉरपेक्षाही.