रंगीत तालीम संपली की बदल संपले

पोरी,

तू लिहितेस, नाटकाच्या शुभारंभाच्या दिवशी दिग्दर्शक सोफा हलवायला सांगतात, लेखक एक वाक्य वाढवतात. ते मोठे, मी नवखी, नाही कसं म्हणू? तुझा प्रश्न वाचून जीव तुटला. पण नाहीच म्हणायचं. रंगीत तालीम संपली की बदल संपले.

सोफा फूटभर मागे घेतला की समोरून तिरका येणारा उजेड छातीवर पडतो आणि चेहरा काळवंडतो. ब्लॅकआउटमध्ये पावलं मोजत विंगेत जाणारी नटी त्याच सोफ्याला धडकते. म्हणून फर्निचरच्या प्रत्येक पायाशी टेपची खूण हवी, अंधारातल्या वाटेवर रेडियमची. खूण केली की ती जागा ठरली.

वाढीव वाक्याचं तर नावच काढू देऊ नकोस. ज्या शब्दावर दिवे मंद व्हायचे, संगीत उचलायचं, तो शब्द आता शेवटचा उरत नाही. प्रकाशवाला जुन्याच शब्दावर अंधार करतो आणि नट अंधारात बोलत राहतो. यात त्या दोघांचीही चूक नसते.

कुणी म्हणेल, एक दिवा वाढवू. 10 अँपिअरच्या चॅनलवर, म्हणजे दिव्यांच्या एका वीजजोडणीवर, 1000 वॅटचे दोन दिवे असले की पावणेनऊ अँपिअर झालेच. तिसरा जोडलास की फ्यूज उडालाच म्हणून समज.

आणि वेळ कुठे आहे गं? दुपारचा प्रयोग सुटणार, त्यांचं नेपथ्य निघणार, मग आपले फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंती, उभे करायचे, मागच्या टेकूंवर वजनं ठेवायची. फ्लॅट जरा कलला तरी दार अडकतं, म्हणून प्रत्येक दार स्वतः उघडून-मिटून बघ. प्रॉपर्टी, म्हणजे नटांना लागणाऱ्या वस्तू, प्रवेशाच्या क्रमानं टेबलावर लाव. एवढ्यातच तास जातो.

मला लोक आडमुठा म्हणतात. म्हणू देत. मी सुधारणेच्या विरुद्ध नाही. पण न तालमीला घेतलेली सुधारणा नटाच्या माथी मारणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो मला कधीच पटणार नाही. वही हातात ठेव. कुणी काही सुचवलं की लिहून घे आणि शांतपणे सांग, "दुसऱ्या प्रयोगाआधी तालीम लावू." वाद घालत बसू नकोस. बदल संपले म्हणजे संपले.

एक राहिलं. रंगमंचावर नारळ फुटला की पाणी सांडतं, करवंटीच्या कपच्या उडतात, आणि तुझ्या नाटकात दोघं अनवाणी आहेत. फडकं फिरवून, हातानं चाचपून घे. ते झाल्याशिवाय तिसरी घंटा द्यायची नाही, निर्माता स्वतः येऊन उभा राहिला तरी.