माशांच्या दोन फुटी टाकीत झाडं वाढत नाहीत, जास्त वॉटचा लाईट लावू का?

तुमची टाकी २४ × १२ × १५ इंचांची, वर झाकणासोबत आलेला ८ वॉटचा निळसर एलईडी. तुमच्या तीन पाणवनस्पतींपैकी काबोम्बा खालून उघडी पडतेय, अमेझॉन स्वोर्ड पिवळी होतेय, अनुबियास बुडाशी कुजतंय. आणि दुकानदार म्हणतो, लाईट बदला.

बदला. पण या तीन दुखण्यांत लाईटचं दुखणं एकच आहे, काबोम्बाचं. तिला भरपूर उजेड लागतो. तो मिळाला नाही की दांडा वर ताणत जातो, दोन पेरांतलं अंतर वाढतं आणि सावलीतली खालची पानं गळतात. वर झुपका, खाली नुसती काडी. ही नव्या लाईटने सुधारेल. उघडी दांडी मात्र पुन्हा भरत नाही. शेंडे कापून ते नव्याने रेतीत खोचा.

स्वोर्डचं वेगळं आहे. दुकानात येणारी बरीच रोपं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्याखाली आली की जुनी पानं टाकतात आणि पाण्यात चालतील अशी नवी काढतात. मधून कोंब येत असेल तर घाबरू नका, पिवळी पानं बुडापासून कापा. शिवाय ही झाडं मुळांनी खातात आणि साध्या धुतलेल्या रेतीत खायला काहीच नसतं. मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या मिळतात, त्यातली एक दर दोन-तीन महिन्यांनी बोटाने खोल दाबून द्या. चुलीचा जाळ मोठा केल्याने पातेल्यातला तांदूळ वाढत नाही, तसंच हे.

आता लाईट. 'लिटरमागे इतके वॉट' हा हिशेब ट्यूबलाईटच्या काळातला. एलईडीत वॉट म्हणजे फक्त वीज किती खाल्ली ते, म्हणून खोक्यावर ल्युमेन, म्हणजे उजेड किती देतो ते, बघा. ल्युमेन माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे, झाडाच्या पानासाठीचं नाही, पण अंदाजाला पुरतं. लिटरला १० ते २० ल्युमेन म्हणजे मंद उजेड, २० ते ४० मध्यम. त्याच्या वर गेलात की कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि नियमित खत आलंच. तुम्ही सांगितलेल्या झाडांसाठी त्या भानगडीत पडायची गरज नाही. रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता तुमच्या टाकीत साठेक लिटर पाणी असेल. म्हणजे १५०० ते १८०० ल्युमेन, रंग ६५०० केल्विन, दिवसाच्या उजेडासारखा पांढरा.

खास मत्स्यालयाचा लाईट परवडत असेल तर उत्तम, त्यात माशांचे रंगही छान दिसतात. माझ्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानातला २० वॉटचा फ्लडलाईट आहे, तो दिसायला अगदी बांधकामाच्या साईटवरचा, पण झाडांना त्याचं काही वाटत नाही. तसा घेतलात तर पाण्यापासून आठ-दहा इंच वर टांगा. उजेड जास्त झाला तर आणखी वर घेता येतो. वायरीला सॉकेटच्या खाली येईल असा झोळ द्या, म्हणजे ओघळ आलाच तर तिथून खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि मध्ये काच असेल तर ती पुसा. तिच्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि निम्मं दुखणं तिथेच असतं.

मी पहिल्यांदा काय केलं ते सांगतो. तेवढ्याच टाकीवर ३० वॉटचा लाईट, रोज अकरा तास, कारण सकाळी चहा घेतानाही मासे दिसायला हवेत. पहिला आठवडा मी खूश. तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवे ठिपके, मग काबोम्बाला केसासारखं शेवाळ असं गुंडाळलं की टूथब्रशवर सुतासारखं गुंडाळून काढावं लागलं. झाडांना जेवढा उजेड पचत नाही तेवढा शेवाळ घेतं.

म्हणून नवा लाईट आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे फक्त सहा तास. तुम्ही घरी असाल तेव्हाच लावा, समजा दुपारी ४ ते रात्री १०. शेवाळ दिसलं नाही तर दर आठवड्याला अर्धा तास वाढवत आठपर्यंत जा, त्यापुढे नको. टायमर लावाच, हाताने कोणाच्याही लक्षात राहत नाही. चकतीवाला स्वस्त टायमर वीज गेली की तिथेच थांबतो. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्यामुळे शुक्रवारी टाकीचा दिवस उशिरा उगवायचा. शेवटी बॅटरीवाला डिजिटल घेतला.

टाकीवर खिडकीतून ऊन पडत असेल तर तेही याच तासांत धरा.

नवीन लाईटने जुनी पानं सुधारणार नाहीत, त्यांच्याकडे बघून निर्णय घेऊ नका. महिनाभराने नवं पान बघा.

राहिलं अनुबियास. त्याचं जाड आडवं खोड तुम्ही रेतीत पुरलं असणार, म्हणूनच ते कुजतंय. उपटा, मऊ पडलेला भाग कापून टाका आणि उरलेलं दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधा. त्याला मंद उजेडच मानवतो, तेव्हा नव्या लाईटखाली मध्यभागी नको, काबोम्बाच्या सावलीत ठेवा. आणि हे लाईटची वाट न बघता आजच करा.