जुन्या मारुती ८००च्या लोअर आर्मचा नट निघाला, पण बोल्ट बाहेर येत नाही, काय करावे?

समुद्राकाठी वापरलेल्या गाडीत हा बोल्ट बहुधा आर्मला (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला) नव्हे, तर त्यात बसवलेल्या रबरी बुशच्या (धक्के झेलणाऱ्या रबरी गादीच्या) आतील पोलादी नळीला गंजाने चिकटलेला असतो. पाना लावल्यावर बोल्ट थोडा फिरतो आणि सोडताच मागे येतो, तेव्हा फिरत असते ते केवळ रबर. हातोड्याचा मारही तेच रबर गिळते.

गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी. आट्यांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच सोडावे, आणि ठोकण्यापूर्वी नट बोल्टच्या टोकाशी समपातळीत परत चढवावा, म्हणजे आटे चेपत नाहीत. गॅसची ज्योत टाळावी, कारण रबर पेट घेते आणि त्याचा धूर अपायकारक असतो.

एवढ्याने सुटला नाही, तर हट्ट न करता बुश आणि ब्रॅकेट (आर्म ज्यात बसतो तो सांगाड्यावरचा आधार) यांमधल्या फटीत करवतीचे पाते किंवा पातळ चकतीचा ग्राइंडर घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा. बुश तसाही बदलायचाच असतो. नवा बोल्ट त्याच ग्रेडचा घ्यावा (ग्रेड म्हणजे मजबुतीची श्रेणी; तिचा आकडा डोक्यावर असतो, उदा. ८.८ किंवा १०.९), त्याच्या सरळ भागावर ग्रीस लावावे आणि शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच करावे, अन्यथा नवे रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते.