थँक्यू म्हटलं की पुढे काहीतरी येतं

नोव्हेंबर लागला की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी यायला लागते. ताई, मुलांना कशाची किंमतच नाही हो. आम्ही काय काय सोडून इथं आलो याचा यांना पत्ता नाही. शाळेत कागदाच्या टर्कीच्या पिसांवर 'आय ॲम थँकफुल फॉर माय पेरेंट्स' लिहून आणतात आणि घरी स्वतःचं ताट उचलत नाहीत. मी अमेरिकेत, न्यू जर्सीत, बरीच वर्षं मराठी कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करतेय, त्यामुळे पहिलं वाक्य सुरू झालं की शेवटचं काय असणार ते मला साधारण ठाऊक असतं.

नोव्हेंबरच का, तर थँक्सगिव्हिंगमुळे, म्हणजे इथल्या आभार मानायच्या सणामुळे. चौथा गुरुवार, जोडून शुक्रवार, मुलं चार दिवस घरात, मित्रमंडळी जेवायला. आपल्या लोकांनी हा सण मस्त आपलासा केलाय, टर्की बहुतेक घरांत नसतेच, पनीर असतं, मॅक अँड चीज असतं, विकतचा पंपकिन पाय असतो आणि क्रॅनबेरीचं लोणचं असतं (जे त्या गोड सॉसपेक्षा कितीतरी चांगलं लागतं, हे माझं ठाम मत). आणि मग जेवायच्या आधी टेबलाभोवती एकेकानं सांगायचं, मी कशासाठी कृतज्ञ आहे. बहुतेक घरांत ठिणगी पडते ती इथं.

अशा एका घराची गोष्ट सांगते. तिला आपण मेघना म्हणू. नाव, तपशील सगळं बदललंय, शिवाय दोन-तीन घरं मिसळली आहेत, तेव्हा ओळखायचा प्रयत्न करू नका.

मेघना आयटीत, नवरा आयटीत, पंधरा वर्षांची मुलगी, तिच्यामागचा मुलगा, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. थँक्सगिव्हिंगला घरात बारा माणसं. मुलीची पाळी आली तेव्हा ती आधी म्हणाली की टेक्निकली हा सण इथल्या मूळच्या लोकांसाठी दुःखाचा दिवस आहे, आणि मग म्हणाली, बट ओके, आय ॲम थँकफुल फॉर माय फ्रेंड्स अँड वायफाय. सगळे हसले. मेघनाही हसली, किचनमध्ये गेली आणि पुढचे दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

माझ्याकडे आली तेव्हाही धुमसतच होती.

"सकाळी पाचला उठले होते हो मी. बारा जणांचं जेवण, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं, आणि ही म्हणते वायफाय."

"वायफायचं बिल कोण भरतं?"

"मीच!" म्हणाली आणि तिला स्वतःलाच हसू आलं.

जाता जाता एक, मूळच्या लोकांबद्दल मुलगी जे बोलली ते काही खोटं नव्हतं. १६२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावात आलेल्या इंग्रजांच्या ज्या जेवणाची गोष्ट शाळेत या सणाची सुरुवात म्हणून सांगतात त्यात वाम्पानोआग हे तिथले मूळचे लोक होते, आणि १९७० पासून त्याच गावात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मूळचे रहिवासी शोकदिन पाळतात. पंधरा वर्षांच्या मुलीनं हे जेवणाच्या टेबलावर काढणं म्हणजे आईचा अपमान नव्हे, तिला आपल्याशी काहीतरी बोलायचंय असा त्याचा अर्थ मी घेते. "हो का? सांग की अजून" एवढं म्हटलं असतं तरी त्या संध्याकाळचा रंग बदलला असता. असो.

मी मेघनाला विचारलं, "समजा तिनं सगळ्यांसमोर थँक्यू आई म्हटलं असतं, आणि रात्री बारा जणांची भांडी तुझ्यासाठी तशीच सिंकमध्ये पडली असती, तर?"

"तर... नाही. राग आलाच असता."

"आणि थँक्यू न म्हणता तिनं भांडी आवरली असती तर?"

बराच वेळ थांबून म्हणाली, "तर चाललं असतं. बरंच चाललं असतं."

म्हणजे निम्मी तक्रार भांड्यांचीच होती! हे मी अनेक घरांत बघते. आपल्याला हवी असते मदत, आणि आपण मागतो जाणीव. त्यात गंमत अशी की मदत मागितली तर मिळायची शक्यता तरी असते. मुलांना जाणीव नाही, नवऱ्याला दिसत नाही, असं महिनोन्‌महिने घोकण्यापेक्षा "जेवण झालं की डिशवॉशर तू लावायचास, रोज, मला सांगायला लावू नकोस" हे सरळ वाक्य जास्त काम करतं. आणि नवऱ्याला दिसत नाही म्हणाल तर त्याचाही हिशोब तयार असतो, मेघनाचा नवरा आला त्या दिवशी पहिलं वाक्य हेच होतं की मी दर आठवड्याला कचऱ्याचे डबे बाहेर ठेवतो, बर्फ काढतो, मला कोण थँक्यू म्हणतं? रॉस आणि सिकोली नावाच्या दोन संशोधकांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून घरातल्या कामांत तुमचा वाटा किती ते विचारलं होतं, तर बहुतेक कामांच्या बाबतीत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कुणी खोटं बोलत नव्हतं. स्वतः केलेलं काम प्रत्येकाला आठवतं, दुसऱ्याचं आपण पाहिलेलंच नसतं. पहाटे पाचला उठून केलेलं तर नक्कीच कुणी पाहिलेलं नसतं.

पण उरलेली निम्मी तक्रार खरी होती आणि ती भांड्यांनी सुटणारी नव्हती. म्हणून मी मुलीला बोलावलं.

ती आली, हूडीच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या, फोन मांडीवर पालथा. आई शेजारच्या खुर्चीत. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "आईला थँक्यू म्हणावंसं वाटतं का गं कधी?"

"वाटतं ना. ॲक्चुअली, खूपदा."

मेघनानं मान वळवून बघितलं.

"मग म्हणत का नाहीस?"

"म्हटलं की पुढे काहीतरी येतं."

"म्हणजे?"

"म्हणजे, केमिस्ट्रीच्या टेस्टच्या दिवशी तिनं सकाळी शिरा केला होता. मी म्हटलं, थँक्स आई, मस्त झालाय. तर ती म्हणाली, मस्त झालाय ना, मग आता ए आण. आणि मग आजोबांनी प्लॉट विकला ती स्टोरी. मला फक्त शिरा छान झालाय एवढंच म्हणायचं होतं."

मेघना काहीतरी बोलणार होती, तोंड उघडलं आणि मिटलं. मीही काही बोलले नाही. या धंद्यात नवीन असताना माणूस अशा वेळी घाई करतो, समजावायला जातो, कुणाची तरी बाजू घेतो. आता मला कळतं की इथं समोरचा पाण्याचा ग्लाससुद्धा उचलायचा नसतो. माझं निम्मं कौशल्य त्या न उचललेल्या ग्लासात आहे असं मला वाटतं.

थोड्या वेळानं मी मेघनाला म्हटलं, प्लॉटची गोष्ट मला सांग. तिच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी वडिलांनी गावातला प्लॉट विकला होता. त्याबद्दल तिला आजही भरून येतं. पण वडील ते प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुण्यासमोर सांगायचे, हिच्यासाठी प्लॉट विकला बरं का, म्हणून आज अमेरिकेत आहे.

"ते सांगायचे तेव्हा तुला काय वाटायचं?"

"जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं."

"आणि बाबांबद्दल प्रेम?"

"प्रेम होतं की. आहेच. पण त्या क्षणी नाही हो वाटायचं. त्या क्षणी वाटायचं की मी किती वर्षं फेडत बसणार हे..."

आणि थांबली. मुलगी तिच्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "दॅट्स इट आई. दॅट्स द फीलिंग."

अशा क्षणांसाठी मी हे काम करते, खरं सांगते. इतक्या बैठकांचं ओझं उचलून शेवटी दोन माणसांना एकमेकांत तीच जखम दिसते, आणि ती मी दाखवलेली नसते, त्यांना दिसलेली असते.

माझा कल पहिल्यापासून घराकडे पिढ्यांच्या साखळीत बघण्याकडे आहे, एकट्या माणसाची तक्रार मला कधी पुरी वाटत नाही. इव्हान बोसोरमेनी-नॉज नावाचे हंगेरीत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ होते, त्यांनी इथं शेजारीच फिलाडेल्फियात अनेक दशकं कुटुंबांबरोबर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक घरात कुणी कुणाला काय दिलं याची एक न दिसणारी वही चालू असते आणि वरच्या पिढीशी न मिटलेला हिशोब खालच्या पिढीकडून वसूल केला जातो. मेघना नेमकं तेच करत होती. बाबांनी तिच्यासमोर ठेवलेलं बिल तिनं शिऱ्याच्या वाटीखाली सरकवून मुलीपुढे ठेवलं होतं. आणि बिल दिसलं की कृतज्ञता पळते. हे नुसतं मी म्हणत नाही, फिलिप वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं, देणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जितकी वाढत जाते तितकी घेणाऱ्याची कृतज्ञता कमी होते आणि देणेकऱ्यासारखं वाटणं वाढतं.

यावर मेघनानं मला चांगला प्रश्न विचारला. "मग आपल्याकडे ऋण म्हणतात ते काय? आईवडिलांचं ऋण मानायचंच नाही?"

मी म्हटलं, मानायचं की. पण आपल्या परंपरेत पितृऋण कसं फिटतं ते आठव. वाडवडिलांना पैसे परत करून फिटत नाही, पुढची पिढी जन्माला घालून, वाढवून फिटतं. म्हणजे प्लॉटचं जे काही होतं ते तू हिला वाढवून रोज फेडतेच आहेस. मग तेच पुन्हा हिच्याकडून कशाला मागतेस?

ती रडली, मुलीनं टिश्यूचा बॉक्स तिच्याकडे सरकवला. तेव्हा मात्र मी ग्लास उचलला.

त्यानंतर जे ठरलं ते अगदी साधं होतं, पण करायला अवघड. मुलांनी थँक्यू म्हटलं की "बरं वाटलं" म्हणायचं आणि तिथंच थांबायचं. त्याला अभ्यास जोडायचा नाही, खोली आवरणं जोडायचं नाही, "बघ, आता कळलं ना" तर मुळीच नाही. मेघना म्हणाली की हे तिला डाएटपेक्षा जड गेलं.

दुसरं, कष्टाच्या गोष्टी सांगायच्या, जरूर सांगायच्या, फक्त काही मागायचं असेल त्या दिवशी सांगायच्या नाहीत. पहिल्या थंडीत कोट नव्हता, व्हिसाचं काय होणार म्हणून रात्रभर झोप नव्हती, बॅगेत लोणच्याची बरणी फुटून सगळ्या कपड्यांना खाराचा वास येत होता, असलं सगळं मुलांना ऐकायला फार आवडतं. गोष्ट ऐकायला मुलं जवळ येतात, वसुली ऐकली की खोलीचं दार लावून घेतात.

टेबलाभोवतीचा तो कार्यक्रम मुलांना परीक्षेसारखा वाटत असेल तर सरळ बंद करा, सण काही बिघडत नाही. चालू ठेवायचाच असेल तर "मी कशासाठी कृतज्ञ आहे" ऐवजी टेबलावरच्या कुणीतरी नुकतंच केलेलं एक छोटं काम सांगायचं, आणि ज्याला बोलायचं नाही त्याला सोडून द्यायचं. सारा अल्गो या संशोधिकेनं जोडप्यांच्या आभारांवर बरंच काम केलंय, त्यात हेच दिसतं की मला किती फायदा झाला यापेक्षा तू किती विचार केलास हे बोललेलं समोरच्यापर्यंत जास्त पोचतं. आणि कृतज्ञतेच्या डायऱ्या मुलांच्या हातात कोंबू नका, प्लीज. एमन्स आणि मॅककलो यांच्या २००३ च्या ज्या प्रयोगांवरून हे फॅड निघालं त्यात मोठी माणसं होती, आणि आई मागे उभी राहून "लिहिलंस का?" विचारत नव्हती.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. हे सगळं ज्या घरात मुळात प्रेम आहे आणि हिशोब बिघडलाय अशा घरासाठी आहे. जिथं मारहाण आहे, पैसे अडवले जातात, सुनेचा पासपोर्ट सासरच्यांच्या कपाटात आहे, तिथं "जे मिळालंय त्याबद्दल कृतज्ञ राहा" हा सल्ला विषासारखा असतो आणि तो आपल्याकडे बायकांना फार सहज दिला जातो. तिथं कृतज्ञता नाही, मदत शोधायची.

मेघनाच्या घरी यंदा काय झालं ते तिनं मला फोन करून सांगितलं. क्रॅनबेरीचं लोणचं सासूबाई आणि नातीनं मिळून केलं, फोडणी जरा जळली. टेबलावर मुलगी म्हणाली, "आजी झोपलेली असली की आई मिक्सर गॅरेजमध्ये नेऊन लावते. थंडीत. मी पाहिलंय." सासूबाईंना हे माहीतच नव्हतं. आणि मेघना म्हणाली, "हो गं, फार आवाज होतो त्याचा." बस. पुढे काही नाही. हे सांगताना तिचा आवाज असा होता की जणू तिनंच केमिस्ट्रीत ए आणलाय.

मुलीला केमिस्ट्रीत बी प्लस आहे, आणि फोनच्या वापरावरून भांडणं अजून होतात, ती सगळ्याच घरांत होतात. डिशवॉशरचं काम आता धाकट्याकडे आहे आणि तो चमचे उलटे लावतो.

तुमच्याकडेही यंदा टेबलावर काही फिसकटलं असेल तर मुलांना लगेच धारेवर धरू नका, दोन दिवस जाऊ द्या आणि भांडणाचा विषय न काढता गाडीत कुठंतरी घेऊन जा, समोरासमोर न बसता बोलायला मुलांना सोपं जातं. आणि माझ्याकडे यायचंच असेल तर ऑक्टोबरमध्ये या हो, थँक्सगिव्हिंगनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो.