“ताई, तुकडे करतील का हो लेकराचे?”

मूल गेल्यावर संशोधनासाठी ऊतींचे नमुने मागितले, की आईबाप विज्ञान विचारत नाहीत. विचारतात, “त्याची चिरफाड होणार का?” अमेरिकेत अवयवदान समन्वयाचं काम करताना हे कितीदा ऐकलं. मराठीत एकदाच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

सहा वर्षांचा मुलगा, अपघात. बाबा उभेच. आई पलंगाच्या पायथ्याशी गप्प. आजी भारतातून व्हिडिओ कॉलवर, प्रश्न तिचाच.

‘तो कुणाच्या तरी रूपात राहील’ असं मी म्हटलं नाही. प्रत्यारोपणाच्या वेळी ते एक वेळ शोभतं, इथे ती थाप झाली असती. म्हटलं, “आजी, ऑपरेशनसारखा छेद घेतात, छोटे नमुने काढतात, नीट शिवतात. कपड्यांखाली दिसत नाही. अंत्यदर्शन होतं. खर्च तुमच्यावर नाही. आणि नको असेल तर नको. कारण कुणी विचारणार नाही.”

बाबा इंजिनिअर. “मग रक्तच घ्या ना. जनुकं तर सगळीकडे तीच.”

जनुकं तीच, पण कुठलं चालू नि कुठलं बंद, हे अवयवागणिक आणि वयागणिक बदलतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते जनुक जवळजवळ थंडावतं, दुसरं काम हाती घेतं. थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार तान्हेपणी लपतो आणि नंतर उघड होतो, तो यामुळेच. हृदयात, यकृतात असं काय केव्हा घडतं, हे रक्त सांगत नाही. कुठल्या ऊतीत कुठली जनुकं चालू, हे प्रौढांत तपासणारा जीटेक्स प्रकल्प २०१० साली सुरू झाला. मुलांचा, डीजीटेक्स, थेट २०२१ साली; जन्मापासून १८ वर्षांपर्यंतचे १२० दाते, हे त्याचं उद्दिष्ट. उशीर होणारच. धडधाकट पोराच्या हृदयाचा तुकडा जिवंतपणी मागणार कोण?

शिवाय कुठलं जनुक चालू होतं हे ज्यावरून कळतं, तो पेशींतला आरएनए मृत्यूनंतर विघटित होऊ लागतो, म्हणून हिशेब तासांचा. अशा वेळी घाई करणं मला पटत नाही, पण ती लपवणं त्याहून वाईट.

बाबा खाली बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही.

“मेंदू नको,” आई म्हणाली. “बाकी घ्या.” काय द्यायचं, काय नाही, हे वेगवेगळं सांगता येतं. मी तसंच लिहिलं, वाचून दाखवलं.

मग तिने चादर थोडी सरकवली. “मोजे परत घालाल ना? त्याचे पाय लगेच गार पडतात.”

फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती. मी कडेला लिहिलं : डायनोसॉरचे मोजे, दोन्ही पायांत.