कुर्त्यावर अजिंठा छापला की झालं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी परभणीची, सध्या संभाजीनगरला फॅशन डिझाइनचा कोर्स करायलेय. फायनल शोला ‘चित्रकला आणि निसर्ग’ थीम घेतलीय. अजिंठ्याचा पद्मपाणी (हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र) डिजिटल प्रिंट करून कुर्ते अन् गाऊन करायचं ठरवलंय, पण मॅडम म्हणतात हे नुसतं छापणं झालं, डिझाइन कुठंय यात? मोठे डिझायनर पण पेंटिंगच घेतात ना, मग फरक काय? – एक विद्यार्थिनी

उत्तर : मॅडमचं पटतंय मला, पण म्हणून थीम सोडू नको, थीम भारी आहे. फ्रेंच डिझायनर इव्ह सां लोराँचा 1965 चा, मोंड्रियान या चित्रकाराच्या पेंटिंगवरून केलेला ‘मोंड्रियान ड्रेस’ बघितला असशील, काळ्या जाड रेघा आणि लाल-निळे-पिवळे चौकोन. फोटोत प्रिंटच वाटतो, पण तो छापलेला नाहीच, लोकरीच्या जर्सी कापडाचे रंगीत तुकडे वेगवेगळे कापून जोडलेत आणि ड्रेस अंगाला बसावा म्हणून जो आकार द्यावा लागतो तो सगळा त्या जोडांमध्येच लपवलाय, त्यामुळं समोरून चित्र सपाटच दिसतं. पेंटिंग उचललं खरं, पण काम कात्रीनं अन् शिवणीनं केलं. 1988 ला त्यांनीच व्हॅन गॉगची सूर्यफुलं जॅकेटवर आणली, तीही पॅरिसच्या लसाज या भरतकाम करणाऱ्या संस्थेकडून हातानं भरून घेतली. व्हॅन गॉगचा रंग कॅनव्हासवर कसा जाड थापलेला असतो, तो उठाव टिकल्या-मण्यांनीच येतो गं, प्रिंटनं कुठून येणार?

निसर्गाचंही तेच. राहुल मिश्रा 2020 मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर वीकमध्ये (मापानुसार, हातानं केलेल्या उंची कपड्यांचा फॅशन वीक) शो करणारा पहिला भारतीय डिझायनर, त्यानं कपड्यांवर भरलेली पानं-पक्षी झूम करून बघ, एकेक टाका दिसतो.

आणि तू तर पैठणच्या शेजारी राहतेस! पैठणीच्या पदरावरचा मोर बघ, प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी घेऊन ताण्यात हातानं गुंफत नेतात, म्हणून मोराची मान जवळून पायरी-पायरीनं वळलेली दिसते. त्या पायऱ्या मला फार आवडतात, कारण मोर काढलाय तो धाग्याला जमेल तसा.

तर अजिंठ्याला परत जा (सोमवारी बंद असतं, लक्षात ठेव) आणि या वेळी पद्मपाणीचा चेहरा बाजूला ठेव. चित्रातल्या माणसांच्या अंगावरची पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं बघ, ती कमरेला कशी गुंडाळलीत, कुठं ताणलीत, कुठं सैल सोडलीत. पहिल्या लेण्याचं छतही बघ, चौकोनाचौकोनात कमळं, फळं, प्राणी. तो चौकोनांचा आराखडा तुला पॅनल कापायला सरळ वापरता येईल. सगळं वहीत पेन्सिलनं काढ, मोबाईलमध्ये फोटो राहतो पण हाताला काही कळत नाही.

निसर्ग लांब शोधू नको, परभणीला कपाशी आहेच की. तिचं फूल उमलतं तेव्हा फिक्कट पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन जातं, ती एक ओढणी होऊ शकते, एका टोकाला पिवळसर, दुसऱ्या टोकाला गुलाबी, आणि कापड सुतीच घे.

प्रिंटची ऑर्डर सध्या थांबव. आधी एक कुर्ता मांजरपाटात शिव, पॅनल जोडून, बिनरंगाचा, आणि मॅडमना घालून दाखव. कट जमला तरच रंगाला हात लाव.